सांगितलं तसंच लिहिलं

॥ श्री ॥
लोहारा,
८ जुलै २०२४

चि. सौ. निकितास, अप्पांचे आशीर्वाद.

इकडं मी आणि म्हैस दोघं बरे आहोत. पत्राचं कारण तुला ठाऊक आहे. तुझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोलापुरात होऊन उद्या तीन महिने होतील. सहा आठवड्यांनी घरचं सगळं करता येईल, असं डॉक्टरांनी माझ्या देखत सांगितलं होतं. मी तेव्हाच कॅलेंडरवर खूण केली. ती खूण केव्हाच मागं पडली. नळदुर्ग काही परदेश नाही. तरी ती येत नाही आणि तू कारण सांगत नाहीस.

फोन करू नको, लिही. कानात यंत्र घातलं तरी फोनमध्ये मला नुसती खरखर ऐकू येते. मागच्या खेपेला शेजारच्या सिदूला मध्ये घातलं. तो म्हणाला, "काकू म्हणत्यात, येते की." आता 'येते की' म्हणजे कधी? परत विचार म्हणालो, तर म्हणाला, "ठिवला त्यांनी."

मला वाटतं तुम्ही माझ्यापासून काही लपवताय. गुडघा आखडला का? टाक्यात पू झाला का? की जावईबापूंना माझं काही लागलं? मी आलो होतो तेव्हा त्यांच्या नव्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो, ते मला परतीच्या जीपमध्ये आठवलं. तेव्हापासून मनात आहे. त्यांना म्हणावं, म्हाताऱ्याची सवय आहे, मुद्दाम नाही केलं.

भाकरी मीच थापतो. गोल होत नाही, पण भाजते. आईला हे सांगू नको, किंवा सांग. तिला काही कळवायचं असेल तर ती म्हणेल तसं तू लिहून पाठव.

तुझे,
अप्पा


॥ श्री ॥
नळदुर्ग,
१६ जुलै २०२४

ती. अप्पांना शि. सा. नमस्कार.

आईचा गुडघा चांगला आहे. टाके कधीच सुकले. परवा ती कुणाचा हात न धरता जिना चढून माझ्या वर्गात आली. सोफ्याचं कुणाच्या ध्यानातही नाही.

वर्गाचं तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं. पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये आठ कॉम्प्युटर आहेत. दुपारी दोन ते चार मोठ्या माणसांचा वर्ग असतो. इंग्रजी शिकायचं आणि तेच टाइप करायचं, असं दोन्ही एकत्र. हैदराबाद रस्त्यावरच्या ढाब्याचे वीरप्पा येतात. त्यांना मेनू इंग्रजीत करायचा आहे. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या नागूबाई येतात. त्यांना आठवड्याच्या सामानाची मागणी स्वतः लिहून द्यायची आहे. वैजनाथच्या घरी लग्नपत्रिका आणि दहाव्याची पत्रकं छापतात, तो त्यासाठी शिकतो. पहिले आठ दिवस सगळे बटणाला असं हात लावत होते, जसं काही आतून विंचू निघेल. वीरप्पांना नाव मधोमध आणायला सांगितलं, तर त्यांनी जागा सोडायचं खालचं लांब बटण चाळीस वेळा दाबून ते ढकलत ढकलत मध्ये नेलं. एका बटणात होतं म्हणून दाखवलं, तर म्हणाले, "मॅडम, हे आधी सांगितलं असतं तर माझं बोट वाचलं असतं की."

घरी दुपारी कुणी नसतं, म्हणून मी आईला वर्गात नेऊन बसवायची. ती मागं खुर्चीत बसून बघायची. एक दिवस नागूबाई आल्या नव्हत्या. वळून बघते तर आई त्यांच्या जागेवर. हात थरथरतो म्हणून पेन धरता येत नाही तिला, पण बटण दाबायला येतं. साक्षरता वर्गात ती अक्षरं वाचायला शिकली होतीच. कॉम्प्युटरवर के आणि ए दाबलं की पडद्यावर मराठी 'क' उमटतो, म्हणून ती आता इंग्रजी अक्षरं पाठ करते. भाजी निवडताना पुटपुटत असते.

पहिला धडा असा असतो, की माझं नाव अमुक, माझं गाव अमुक, माझ्या नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव अमुक, हे इंग्रजीत लिहायचं. मग आपलं नाव मोठं आणि जाड करून मधोमध आणायचं. आईनं सगळं केलं. नवऱ्याच्या नावाची जागा मोकळी ठेवली. नागूबाई म्हणाल्या, "घ्या की आक्का, इंग्रजीतलं न्हाय कळत देवाला." आई म्हणाली, "त्याला समदं कळतंय." जागा अजून मोकळीच आहे.

ती म्हणते, एक पत्र स्वतः लिहीन, मग बघू.

तुमची,
निकिता


॥ श्री ॥
लोहारा,
२५ जुलै २०२४

चि. सौ. निकितास आशीर्वाद.

पत्र मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. पुढचं वाचून पुन्हा बसलो.

आईला पत्र कशाला लिहायचंय? मी आहे ना. एकेचाळीस वर्षं तिची पत्रं मीच लिहीत आलोय. बहिणीला, मामाला, तुला. ती चुलीपुढून सांगायची, मी ओट्यावर बसून लिहायचो. सातवीच झालो असलो तरी तहसीलमध्ये शिपाई असताना दुपारच्या सुट्टीत झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचो. माझ्या अक्षराला साहेबांनी नाव ठेवलं नाही. कुठं नमस्कार, कुठं आशीर्वाद, वर काय, खाली काय, हे मला कुणी शिकवायला नको. तिला एवढंच म्हणावं, घरी ये आणि सांग, मी लिहितो.

त्या पडद्यानं डोळ्याला पाणी येतं म्हणतात. वायरीला ओला हात लावू देऊ नको. ती भांडी घासून तशीच उठते, हात पुसत नाही.

मला वाटतं ती माझ्यावर रागावली आहे. दोन दिवस विचार करतोय. धाकटी म्हैस तिला न विचारता दिली, ते असेल का? की तिच्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेलो नाही ते? माझं पोट बिघडलं होतं, हे मी तिला नीट सांगितलं नव्हतं. का परसातली शेवग्याची फांदी तोडली ते? एक काय ते कळलं तर बरं, नाहीतर मला सगळंच माझं चुकलेलं दिसायला लागतं.

मग बघू म्हणजे काय बघू, तेही विचार.

अप्पा


॥ श्री ॥
नळदुर्ग,
३ ऑगस्ट २०२४

ती. अप्पांना नमस्कार.

म्हैस, बारसं, शेवगा, तिन्ही वाचून दाखवलं. शेवग्यावर आई हसली. म्हणाली, "हे न्हाय."

तिनं एक विचारायला सांगितलंय. तुम्ही तिची पत्रं लिहीत होता, ती ती सांगायची तशीच लिहीत होता का?

मी माझ्याकडून काही विचारत नाही. तुम्ही तिला कळवा.

दोन ते चार मी फोन बंद ठेवते, सिदूला सांगून ठेवा.

निकिता


॥ श्री ॥
लोहारा,
१२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. निकितास आशीर्वाद.

म्हैस चारा कमी खाते. दूध पातळ झालंय. डॉक्टर येऊन सुई देऊन गेला. छपरावर माकडं आली होती, दोन कौलं सरकली, ती मी शिडी न लावता खालूनच काठीनं सारखी केली, काळजी करू नका.

तू विचारलंस त्याचं उत्तर पत्रात मावणारं नाही. सांगणारा चुलीपुढं बसून चार गोष्टी सांगतो, लिहिणाऱ्याला त्या कागदावर बसवाव्या लागतात. अर्ज लिहितानाही मी लोकांचं बोलणं नीट करूनच लिहायचो, त्याशिवाय साहेब वाचत नसत. आईला एवढं सांग.

ती कधी येणार ते तू अजूनही लिहिलेलं नाहीस. राखीला येईल म्हणून मी अंगण सारवून ठेवतोय.

अप्पा


॥ श्री ॥
लोहारा,
२९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. निकितास आशीर्वाद.

परवा मी न कळवता तुझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिलो, अर्धा कप चहा पिऊन निघून गेलो. तू जिन्यापर्यंत आलीस, मी वळून बघितलं नाही. तुला काय वाटलं असेल. काय झालं ते लिहितो. हे पत्र आईसमोर वाचू नको.

त्या दिवशी दुपारी पोस्टमन पाकीट देऊन गेला. वर घराचा नंबर, गल्ली, गाव सगळं छापलेलं. नाव नाही. मी उंबऱ्यातच उघडलं. आत छापील कागद. वर श्री नाही. कुणाला लिहिलंय ते नाव नाही. आणि मधोमध मोठ्या जाड काळ्या अक्षरात 'कस्तुराबाई'.

निकिता, आमच्या गल्लीत छापील कागद दोनच कारणांनी येतो. एकाच्या वर गणपती असतो. दुसऱ्याच्या वर काही नसतं, मधोमध माणसाचं नाव असतं. तसा कागद घरात नेत नाहीत. दारातच फाडायचा, अंघोळ करायची, निघायचं. माझ्या बापानं तसंच केलं, मीही आजपर्यंत तसंच केलं. खालचं एक अक्षर मी वाचलं नाही. डोळ्यांना दिसतच नव्हतं. माझ्या हातांनी तो कागद फाडला, मोरीकडच्या उकिरड्यावर टाकला आणि दोन तांबे डोक्यावर ओतून घेतले. सिदूनं तुला फोन लावला, बंद. दोन वाजून गेले होते, पण तेव्हा ते कुणाला सुचतंय. तो म्हणाला, "अप्पा, जरा दम धरा, मी परत लावतो." मी थांबलो नाही.

जीपमध्ये सगळ्या वाटेनं मी एकच मनात म्हणत होतो, की तिनं मला एक प्रश्न विचारला होता आणि मी म्हशीचं लिहून पाठवलं.

गिरणीवर जिना चढलो. दारातून बघितलं तर ती चष्मा लावून बसलेली, एक बोट वर धरलेलं, अक्षर शोधतेय. मला बघून म्हणाली, "डोकं ओलं का?" मी म्हणालो, उकडत होतं. ती म्हणाली, "पत्र वाचलं का?"

मी म्हणालो, वाचलं.

ती म्हणाली, "मग?" मी म्हणालो, सांगतो. वीरप्पांनी चहा हातात दिला, तो कसा प्यायलो माहीत नाही.

आता ती तिकडं माझ्या उत्तराची वाट बघतेय, आणि तिनं काय लिहिलं ते मला माहीत नाही. उकिरडा उपसून बघितला. पावसानं सगळी शाई उतरली होती. आयुष्यात तिनं मला एक पत्र लिहिलं, ते मी फाडलं आणि वाचलं म्हणून सांगितलं. काय करू ते सांग. तिला काही सांगू नको. किंवा तूच सांग, मला होणार नाही.

अप्पा


॥ श्री ॥
नळदुर्ग,
४ सप्टेंबर २०२४

ती. अप्पांना नमस्कार.

आईला सांगितलं. पाकीट पोस्टात टाकण्याआधी मी बघायला हवं होतं, पण तिनं मला वाचू दिलं नव्हतं. नावाची जागा तिनं नेहमीसारखी मोकळी ठेवली, आणि श्री कसा काढायचा हे मी शिकवलंच नव्हतं. स्वतःचं नाव मात्र मोठं, जाड, मधोमध करायला मीच शिकवलं. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी तेच शिकवते.

ती म्हणाली, "म्हंजे माझ्यासाठी अंघोळ केली व्हय त्यांनी." आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. मग रडली थोडी. नागूबाई म्हणाल्या, "आक्का, आता लई वर्षं जगताय तुम्ही."

अप्पा, कागद फाडला तरी पत्र गेलेलं नाही. मी वर्गात सगळ्यांना उठायच्या आधी लिहिलेलं साठवून ठेवायला लावते. एवढं एक विसरलात तर बाकी शिकलेलं वाया, असं रोज बजावते. आईनं साठवलं होतं. मी तिला म्हणाले, श्री घालून परत छापू का? ती म्हणाली, "हाय तसंच छाप. एक अक्षर बदलू नको." सोबत पाठवते. तिनं आता मला वाचू दिलंय.

निकिता


                    कस्तुराबाई

                                        २२ ऑगस्ट

            यांना नमस्कार

मी बरी आहे. गुडघा बरा आहे. हे मी लिहिते. नऊ दिवस लागले.

मे महिन्यात मी पडून होते. निकिताला म्हणाले जुनी पत्रं वाच. तिनं तिच्या डब्यातून काढली. माझ्या नावानं तिला आलेली वाचली. एक बारा वर्षांमागचं होतं. तिचा उमरग्याला बी.एड.ला नंबर लागला होता. सासरचे नको म्हणत होते. तिनं विचारलं होतं आईकडं राहून करू का. मी चुलीपाशी होते. मी म्हणाले ये म्हणाव पुढची खोली झाडून ठेवते. तुम्ही मान हलवली आणि लिहिलं.

पत्रात आहे आई म्हणते आता सासर हेच घर, इकडं राहायला येऊ नको.

मी असं म्हणाले नव्हते. बारा वर्षं लेकीला वाटलं मी म्हणाले. ती कधी बोलली नाही. मला वाटलं तीच आली नाही. मीही बोलले नाही.

असं का लिहिलं ते मला सांगू नका. तिला सांगा. मग मी येते.

भाकरीला पीठ आधी गरम पाण्यात मळा.


॥ श्री ॥
लोहारा,
२० सप्टेंबर २०२४

चि. सौ. निकितास, अप्पांचे अनेक आशीर्वाद.

काल मी आईला न्यायला आलो, तुझ्यापुढं सांगणं काही झालं नाही, तरी तू आम्हाला जीपमध्ये बसवून दिलंस. जीपमध्ये आई म्हणाली, "घरी नंतर. आधी पत्र." मी म्हणालो, घरी जाऊन लिहितो. ती म्हणाली, "तुम्ही न्हाय लिहायचं. तुम्ही सांगायचं." तोवर दिवस मावळला होता, म्हणून रात्र वाटेत तिच्या बहिणीकडं काढली. आपल्या घराची पायरी ती अजून चढलेली नाही. आता सकाळचे दहा वाजलेत. तहसीलसमोर अक्षदा नावाच्या मुलीचं ऑनलाइन सेंटर आहे. मी ज्या झाडाखाली अर्ज लिहायचो, ते इथून दिसतं. आई मशीनसमोर बसली आहे आणि मी शेजारच्या स्टुलावर. मी बोलतो, ती बोटानं दाबते. मी भरभर बोललो की हात वर करते. सांगणाऱ्याला किती थांबावं लागतं, ते मला आज कळलं.

ते पत्र मी लिहिलं. आई 'ये म्हणाव' म्हणाली होती. मी मान हलवली होती. मला भीती वाटली. लग्नाला दोन वर्षं झालेली लेक घरी येऊन राहिली तर लोक म्हणतील, टाकली. जावईबापू नंतर नेणारच नाहीत. दुपारच्या सुट्टीत माझ्यापुढं बायका बसायच्या, पोटगीचे अर्ज लिहून घ्यायला. मला त्यांच्यात तूच दिसायला लागलीस. असं काही झालं नसतं हे आता कळतं. तेव्हा मला जे होईल असं वाटायचं, ते झाल्यासारखंच दिसायचं. अजूनही तसंच आहे, हे तू मागच्या महिन्यात बघितलंस.

पण हे अर्धंच आहे. आई म्हणते, पुढं सांगा. भीती मला होती, तर मी माझ्या नावानं लिहायला हवं होतं. मला ठाऊक होतं की माझं तू ऐकणार नाहीस. आईचं ऐकशील. म्हणून माझं बोलणं तिच्या तोंडी घातलं. हे विसरून लिहिलेलं नाही, बोलणं नीट करून लिहिलेलंही नाही. समजून लिहिलं.

तू बी.एड. केलं नाहीस. आज गिरणीवर आठ मशीनवर सोळा माणसं शिकवतेस. कॉलेज झालं असतं तर कुठं असतीस मला सांगता येत नाही. माफ कर असं म्हणायला लाज वाटते, तरी आई थांबली आहे, म्हणून म्हणतो. माफ कर.

तुझे,
अप्पा (बलभीम)

वर सगळं त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. एक शब्द माझा घातला नाही. दोनदा ते म्हणाले हे खोड, मी खोडलं नाही. कंसातलं नाव तेवढं त्यांनी स्वतः दाबलं. मला येत होतं. त्यांना वेळ लागला पण केलं. श्री अक्षदानं दाखवला. पत्र साठवलं.

आता हे माझं. घरी गेले की पुढची खोली झाडते. तू ये.

कस्तुराबाई